झोंबतंय म्हणजे गुण येतोय, असं नसतं

"लिंबाचा रस, मध, कापूर, मेण, खोबरेल तेल गरम करून हर्बल बाम बनवा. फुटलेले ओठ सात दिवसांत गुलाबी! झोंबलं तर समजा लागू पडलं. तान्ह्या लेकरालाही चालतं. दुकानातली जेली म्हणजे पेट्रोलचं विष." हा मेसेज नातेवाइकांच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. तो परभणीच्या आत्यापर्यंतही पोचला. कापूस वेचताना उन्हावाऱ्यानं तिचे ओठ आधीच उकलले होते, त्यात चार दिवस हे चोळलं. मी गेले तेव्हा खालचा ओठ टरारून सुजला होता आणि ती भाकरी दुधात कुस्करून खात होती. पुसून टाक म्हटलं तर म्हणाली, "झोंबायलंय माय, म्हंजे गुण यायलाय."

माझा राग याच वाक्यावर आहे. ओठाची कातडी मुळात पातळ, तिथं घामाच्या ग्रंथीही नाहीत. तिला भेग पडली की आतला भाग उघडा पडतो आणि त्यावर लिंबाचं आम्ल बसतं, म्हणून आग होते. लिंबू लावून उन्हात गेलं तर कातडी भाजून काळे डागही पडतात, आणि आत्या तर दिवसभर रानात. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजी ही त्वचारोगतज्ज्ञांची संस्था सरळ सांगते: झोंबणं, चुणचुणणं हे औषध लागू पडल्याचं लक्षण नाही, ओठांना त्रास होतोय, लावणं थांबवा. त्यांच्या टाळायच्या यादीत कापूर आहे, मेंथॉल आहे, लिंबाचा स्वादही आहे.

आणि ती दुकानातली जेली, म्हणजे पेट्रोलियम जेली? ती याच संस्थेच्या लावायच्या यादीत आहे. खनिज तेलापासून होते हे खरं, पण शुद्ध केलेली असते.

तान्ह्या लेकराला मध तर अजिबात नको. वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातून बोट्युलिझम ही जंतूंच्या विषाची बाधा होऊ शकते, जीवावर बेतू शकतं.

मेण आणि तेल चालतं, एवढं मान्य. संस्थेच्या लावायच्या यादीत एरंडेलही आहे. बनवायचंच असेल तर एक भाग मधमाश्यांचं मेण, तीन-चार भाग तेल, गरम पाण्यात वाटी ठेवून वितळवा, बस. रस आणि मध तेलात मिसळतच नाहीत. ओलाव्यानं डबीत बुरशी धरते.

आणि सात दिवसांची हमी कुणी दिली? आत्याला आता दिवसातून चार-पाचदा साधी जेली लावायला दिलीय. ती वर्षानुवर्षं तंबाखू खाते. दोन-तीन आठवड्यांत ती भेग भरली नाही, तर मी तिला दवाखान्यात नेणार आहे.