‘प्रायव्हेट नोकरीत सुट्टी म्हणजे मालकाची मर्जी’ हे साफ खोटं आहे

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला, सोसायटीच्या, शाळेच्या आणि माहेरच्या. म्हणे प्रायव्हेट नोकरीत सुट्टी हा हक्क नाहीच, मालकाने दिली तर घ्यायची. खाली पाच मुद्दे होते: पहिलं वर्ष सुट्टी मिळत नाही, राजीनामा दिला की साठलेल्या सुट्ट्या बुडतात, आजारपणात पगार कापला जाणारच, नवीन लेबर कोडने (केंद्र सरकारच्या चार नव्या कामगार कायद्यांनी) होत्या त्या सुट्ट्याही काढून घेतल्या आणि लेटरवर ‘एक्झिक्युटिव्ह’ लिहिलं असेल तर कुठलाच कायदा लागू होत नाही. मी अकरा वर्षं पगारपत्रकं बनवतेय. असे मेसेज वाचून नवीन लागलेली पोरं-पोरी हक्काचं मागायलाही घाबरतात, हे रोज बघते, म्हणून एकेक मुद्दा घेते. बोलतेय ते मुख्यतः महाराष्ट्रातल्या दुकानं, शोरूम, ऑफिसांबद्दल.

आधी हे की ‘हक्क नाही’ हेच चूक. आपल्याकडे २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे, ज्याला सगळे शॉप ॲक्ट म्हणतात, त्यातलं कलम १८ आख्खं सुट्ट्यांवर आहे. वर्षाला ८ सीएल, म्हणजे कॅज्युअल लीव्ह, किरकोळ रजा, पगारी. सणांच्या ८ पगारी सुट्ट्या, त्यातल्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या, बाकीच्या ४ मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. आणि आदल्या वर्षी २४० दिवस काम भरलं असेल तर दर २० दिवसांमागे १ दिवस ईएल, म्हणजे अर्न्ड लीव्ह, काम करून कमावलेली रजा, ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. यात मर्जी कुठे आली?

पहिल्या वर्षाचं म्हणाल तर ते अर्धंच खरं आहे. ईएल पुढच्या वर्षी मिळते हे बरोबर, पण सीएलला २४० दिवसांची अट नाही, ती दर तिमाहीला खात्यात जमा होते. म्हणजे जानेवारीत लागलेल्या मुलाला मार्चमध्ये ताप आला तर त्याच्या नावावर सीएल असायलाच हवी, प्रोबेशन असो नसो. फक्त ती वर्षअखेर संपते, पुढे जात नाही, त्यामुळे जपून ठेवून उपयोग नाही.

आता राजीनाम्याचं. याच मुद्द्याने लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं.

आमच्या मजल्यावरची एक मुलगी कपड्यांच्या मोठ्या शोरूममध्ये बिलिंगला होती, चाळीसेक स्टाफ. दुसरीकडे नोकरी लागली म्हणून सोडलं, तर फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या कागदावर सुट्ट्यांच्या रकान्यात शून्य. रडत आली, “काकू, ते म्हणतात राजीनामा तू दिलास ना, मग सुट्ट्या कसल्या.” ओट्याशेजारच्या टेबलावर तिच्या सगळ्या स्लिपा मांडल्या, हजेरी मोजली. दोन वर्षांच्या मिळून २८ ईएल होत होत्या, ६ घेतलेल्या, २२ शिल्लक. पगार १८,०००, महिन्याच्या कामाच्या २६ दिवसांनी भागला तर दिवसाचे ६९२ च्या आसपास, म्हणजे १५,००० च्या वर रक्कम. तिच्यासाठी ते घरभाड्याचे दोन महिने होते.

पण इथे एक बारीक गोष्ट आहे जी मेसेजवाल्यालाही माहीत नाही आणि बहुतेक कामगारांनाही नाही. शॉप ॲक्टमध्ये लिहिलंय की मालकाने काढून टाकलं, किंवा सुट्टी मागितली होती आणि नाकारली आणि मग कामगाराने नोकरी सोडली, तर शिल्लक सुट्टीचा पूर्ण पगार द्यायचा. म्हणजे ‘मागितली होती आणि नाकारली’ हे दाखवता आलं पाहिजे. मी तिला विचारलं, कधी अर्ज केलास का गं, तर म्हणाली अर्ज कसला, सरांना व्हॉट्सॲपवरच विचारायचे. मोबाईल उघडला. “सर भावाचं लग्न आहे, १२ ते १८ सुट्टी हवी होती.” खाली उत्तर, “सीझन आहे, नंतर बघू.” असे तीन मेसेज निघाले, तिन्ही तारखेसकट. त्याचे स्क्रीनशॉट लावून साधं एक पानी पत्र लिहिलं, एक प्रत कामगार आयुक्त कार्यालयाला. पाच आठवड्यांनी पैसे खात्यात आले.

म्हणून तोंडी विचारू नका. लिहून विचारा, आणि शक्यतो १५ दिवस आधी, कारण १५ दिवस आधी अर्ज करूनही नाकारलं तर ४५ च्या वरच्या सुट्ट्यांचे पैसे मागायचा हक्कही याच कायद्याने दिलाय.

आजारपणाचा मुद्दा. शॉप ॲक्टमध्ये वेगळी सिक लीव्ह नाही, हे मान्य. पण ज्यांचा पगार २१,००० पर्यंत आहे आणि स्लिपमध्ये ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापला जातो त्यांना वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगाराइतकी रक्कम ईएसआयकडून मिळू शकते, आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांचं कॉन्ट्रिब्युशन भरलेलं असलं की झालं. दर महिन्याला पैसे कापून घेतात आणि टायफॉइडने पंधरा दिवस घरी बसलेल्या माणसाला कोणी सांगत नाही की क्लेम कर, याचा मला खरंच संताप येतो.

लेबर कोडने सुट्ट्या काढल्या म्हणतात ते तर उलटंच आहे. चारही कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले. जुन्या फॅक्टरी कायद्यात ईएलसाठी २४० दिवस भरावे लागायचे, नव्या कोडमध्ये १८० केलेत. प्रमाण तेच, २० दिवसांना १. ३० दिवसांपर्यंत पुढच्या वर्षी नेता येतात, वर्षअखेर मागणी करून पैसेही घेता येतात, आणि नोकरी सोडली तरी शिल्लक सुट्टीचे पैसे द्यायचे हेही त्यात आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०१७ च्या कायद्यात या सगळ्या सुट्ट्या १० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणीच लागू होत्या, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती मर्यादा २० करायला मंजुरी दिली. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये, छोट्या किराणा दुकानात उभं राहून बारा तास काम करणाऱ्या पोराला हा कायदा फार पुरत नाही, आणि हे वाईट आहे. मेसेजवाल्याने हे लिहिलं असतं तर मी पुढे पाठवलं असतं.

राहिलं ‘एक्झिक्युटिव्ह’. कायदा पदाच्या नावाकडे नाही, कामाकडे बघतो. मॅनेजर, सुपरवायझर, गोपनीय काम बघणारे यांना शॉप ॲक्टमधून वगळलंय, पण दिवसभर फोन घेणारी किंवा बिलं फाडणारी व्यक्ती लेटरवर एक्झिक्युटिव्ह छापल्याने मॅनेजर होत नाही. शिवाय अशा वगळलेल्या लोकांची यादी कंपनीने वेबसाइटवर, वेबसाइट नसेल तर ऑफिसात सगळ्यांना दिसेल अशा जागी लावायची असते. एचआरने तोंडावर ‘तुला लागू नाही’ म्हटलं तर आधी ती यादी कुठे लावलीय ते विचारा आणि तिच्यात आपलं नाव आहे का बघा.