दोन गिझर एका लाईनवर: कालच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ. तुमची प्रतिक्रिया सकाळीच वाचली होती, पण मुद्दाम संध्याकाळपर्यंत थांबलो, तेव्हाच लिहायला बसलो असतो तर भलतंच काही लिहून गेलो असतो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. दोन बाथरूममध्ये दोन गिझर असतील तर दोघांना डीबीपासून, म्हणजे घरातल्या मुख्य वीज-वाटप बोर्डापासून, वेगळी लाईन ओढा, असं मी लेखात लिहिलं होतं आणि ब्रिटनमधल्या विजेवर चालणाऱ्या शॉवरचं उदाहरण दिलं होतं. त्यावर भाऊ लिहितात, "काका, घरी बसून लोकांना काऊन घाबरवून राहिले? आमच्या घरी दोन्ही गिझर एकाच लाईनवर आहेत, दहा वर्षांत काही झालं नाही. वेगळी लाईन ओढायला पैसे काय झाडाला लागतात का? ब्रिटनचे शॉवर नागपुरात कोण लावतं? फोटोही धड दिसत नाही."

फोटोचं बरोबर आहे, अंधारात काढला होता, बदलून टाकतो. ब्रिटनचंही अर्धं मान्य. तिकडचा 9.5 किलोवॅटचा शॉवर एकटाच 41 अँपियर ओढतो, आपला इन्स्टंट गिझर साधारण 3 किलोवॅटचा, म्हणजे 13 अँपियर, त्यामुळे तिथले आकडे इथे लागू होत नाहीत. पण ते उदाहरण मी प्रायोरिटी युनिटसाठी दिलं होतं. एक शॉवर चालू झाला की दुसऱ्याला वीजच मिळत नाही, अशी ती सोय असते. वीज कंपनीने घराला दिलेला मंजूर भार कमी असेल तर तेच काम आपल्याकडे योग्य अँपियरचा डबल पोल चेंजओव्हर करतो, म्हणजे एका वेळी एकाच गिझरला वीज देणारा स्विच. ते तुम्ही वाचलंच नाही.

"घरी बसून" हे मात्र लागलं. मी आयटीआयचा वायरमन आहे, उभी नोकरी हिंगणा एमआयडीसीत मेंटेनन्सला काढली, जळालेल्या केबलचा वास कसा असतो ते मला पुस्तकातून कळलेलं नाही. आजही मोहल्ल्यात रात्री कोणाची लाईट गेली की दार माझंच वाजतं आणि मी जातो, पैसे घेत नाही. वयाने लहान असाल म्हणून काका म्हटलंत, ठीक आहे, पण काका म्हणून असं बोलायची रीत आपल्याकडे नाही.

आता "काही झालं नाही" यावर बोलतो, कारण हे वाक्य मला प्रत्येक घरात ऐकू येतं आणि माझी सगळी काळजी याच वाक्याची आहे. दोन गिझर एकदम चालले की 26 अँपियर. पाईपमध्ये भिंतीत दाबलेली 2.5 स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) वायर विशीच्या आसपास अँपियर नीट झेलते. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. तरी आग लागत नाही, कारण गिझर दहा-पंधरा मिनिटं चालतो, मग वायर थंड होते. म्हणजे दहा वर्षं काही झालं नाही असं नाही, दहा वर्षं थोडं थोडं होऊन राहिलं आणि ते भिंतीच्या आत होऊन राहिलं म्हणून तुम्हाला दिसलं नाही. साधं पीव्हीसी इन्सुलेशन 70 अंशांसाठी असतं, त्याच्या वर रोज तापलं की ते कडक होत जातं.

मानेवाड्यात एका घरी हे मी हाताने पाहिलं. वायरमनने फेज (करंट नेणारी वायर) दोन वेगळे ओढले होते, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) दोन होते, घरमालक खूश. पण वायर वाचवायला दोघांचा न्यूट्रल, म्हणजे करंट परत आणणारी वायर, एकच! दोन्ही गिझरचा करंट त्या एका काळ्या वायरमधून परत येत होता आणि त्या न्यूट्रलवर एमसीबी नव्हता, म्हणजे तो तापतोय हे ओळखणारं तिथे कोणीच नाही. मेन बंद करून बोर्ड उघडला, वायर जरा वाकवली तर इन्सुलेशन पापडासारखं मोडून हातात आलं, आत तांबं काळं पडलेलं. त्या घरात सकाळपर्यंत सगळे त्याच गिझरच्या पाण्याने आंघोळ करत होते. त्यांचंही म्हणणं हेच होतं, काही झालं नाही.

एमसीबीचं पण ऐका. 20 अँपियरचा एमसीबी 26 अँपियरला लगेच पडत नाही, बराच वेळ धरून ठेवतो, आणि कधी पडलाच तर वायरमन तो काढून 32 चा ठोकून देतो, "आता नाही पडणार साहेब." अरे पण एमसीबी त्या वायरला वाचवायला असतो ना! वायर तीच ठेवून एमसीबी मोठा केला म्हणजे राखणदार झोपवला.

दोन्ही एकदम कोण चालवतं, असं म्हणाल तर नरक चतुर्दशीची पहाट आठवा. पाहुणे घरात, उजाडायच्या आत सगळ्यांना अभ्यंगस्नान, दोन्ही बाथरूम तासभर रिकामं नाही. नाहीतर आपला हिवाळा घ्या, 29 डिसेंबर 2018 ला नागपूरचा पारा 3.5 अंशांवर आला होता, तेव्हा पाणी इतकं गार असतं की गिझर बंदच होत नाही.

पैशाचं काय सांगू. टाइल्सला हात सैल सोडता, मग वायरलाच काऊन हिशेब? आणि बोअरच्या पाण्याने क्षार बसून हीटिंग एलिमेंट फुटतं, तो पाण्यात गळणारा लीकेज करंट एमसीबीला कळतच नाही, त्याला 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि खरी अर्थिंग लागते, हेही लेखात होतं.

तुमच्याकडे 4 स्क्वेअरची वायर असेल तर कदाचित निभावून जात असेल, मी नाही म्हणत नाही. पण कोणती आहे ते तुम्ही लिहिलंच नाही, बहुतेक पाहिलीच नाही. गिझरच्या एमसीबीवर सी 20 आहे की सी 32 ते वाचा, चांगल्या वायरमनकडून मेन बंद करून न्यूट्रल उघडून पाहा, दोन आहेत की एक, आणि इथेच लिहा. वायर बरोबर निघाली तर तसं मी याच लेखाखाली तुमच्या नावाने लिहीन.