अण्णांचं कॅलेंडर आणि माझा गँट चार्ट

परवा ओळखीच्या एका तरुण इंजिनिअरने फोन करून विचारलं, "सर, प्रोजेक्ट मॅनेजमेंटसाठी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" मी म्हटलं, आधी एक पेन घे. त्याला वाटलं मी टाळतोय. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

आमचं काम कोल्ड स्टोरेज उभारायचं. ऑफिस नाशिकच्या अंबडला, गिऱ्हाईक बहुतेक दिंडोरी-निफाडचे द्राक्षबागायतदार. काही वर्षांपूर्वी दिंडोरी तालुक्यात एक प्रीकूलिंगचं, म्हणजे तोडलेली द्राक्षं लगेच थंड करायच्या खोलीचं, काम मिळालं. मालकांना सगळं गाव अण्णा म्हणतं. पहिल्याच बैठकीत मी लॅपटॉप उघडून ११२ ओळींचा गँट चार्ट, म्हणजे कुठलं काम कधी सुरू होऊन कधी संपणार याचा तक्ता, दाखवला. रंगीत पट्टे, टक्केवारी, सगळं. अण्णांनी चहा संपेपर्यंत तो बघितला आणि म्हणाले, "पट्टे लई भारी काढले. पण यातलं कोणतं काम लांबलं तर माझा माल उन्हात राहील, तेवढं दाखवा."

मी गप्पच झालो. जी कामं लांबली की शेवटची तारीखच लांबते, त्यांच्या साखळीला आम्ही क्रिटिकल पाथ म्हणतो. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्युपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांच्या लोकांनी ती पद्धत बसवली. अण्णांना तिचं नाव ठाऊक नव्हतं, अडचण नेमकी ठाऊक होती.

आणि का नसेल? द्राक्षवाला वर्षभर दुसरं काय करतो? छाटणी झाली की त्याचे दिवस मोजणं सुरू. डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (मणी विरळ करणं), मण्यांत पाणी उतरणं, सगळं दिवसांवर. दोन बागायतदार भेटले की "बाग किती दिवसांची झाली?" हाच पहिला प्रश्न. अण्णांची छाटणी ८ ऑक्टोबरची. १२० दिवस धरले की तोडणी ५ फेब्रुवारीला. तोडलेला माल सहा ते आठ तासांत चार अंशांच्या आसपास आणायचा, नाहीतर देठ सुकतो आणि एक्स्पोर्टचा माल लोकलच्या भावाने जातो. त्यांच्या लेखी प्रोजेक्ट म्हणजे एवढंच. माझ्या ११२ ओळींत ही तारीखच नव्हती!

भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं होतं. त्यावर पेनने चार तारखा लिहिल्या: पॅनेल, मशीन, लाईट, ट्रायल. प्रत्येक तारखेपुढे एकाच माणसाचं नाव. लाईटपुढे अण्णांचं, कारण वीजजोडणीचा अर्ज त्यांच्या नावावर होता. ट्रायल २५ जानेवारीला. गँट चार्ट आमच्या ऑफिसच्या भिंतीवर गेला, तिथे तो लागतोच. पण स्वयंपाकघरातला पसारा पाहुण्याला कशाला दाखवायचा?

आता माझी चूक. कंप्रेसर १२ दिवस उशिरा येणार हे मला सोमवारी कळलं. "बघू, काहीतरी जमवू" म्हणत मी शनिवारपर्यंत तोंड उघडलं नाही. अण्णांना ते आमच्याच फिटरकडून कळलं. ओरडले नाहीत. इतकंच म्हणाले, "अवकाळी येणार हे आधी कळलं तर माणूस बागेवर प्लास्टिक तरी टाकतो." सोमवारी सांगितलं असतं तर शेजारच्या गावातलं प्रीकूलिंग त्यांनी वेळेत बोलून ठेवलं असतं. शेवटी पहिल्या दोन गाड्या दूरवर पाठवाव्या लागल्या. भाडं मी भरलं, पण ते भाडं उशिराचं नव्हतं, माझ्या गप्प बसण्याचं होतं.

तेव्हापासून वाईट बातमी त्याच दिवशी द्यायची आणि ती मी स्वतः फोनवर द्यायची. व्हॉट्सअॅपवर नाही, सुपरवायझरच्या तोंडून तर नाहीच. लीडरशिपवर तासतासभर भाषणं ऐकलीत, पण हा फोन लावताना बोट जड होतं ते कोणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट सुपरवायझरची. त्याच साईटवर ड्रेनचा पाइप कोंबड्यांच्या खुराड्याकडून न्यायचा की मागून, एवढ्यासाठी आमचा माणूस "साहेबांना विचारून सांगतो" म्हणाला आणि मी दोन दिवस फोन उचलला नाही. गवंडी बसून राहिले. आता दहा हजारांपर्यंतचा निर्णय साईटवरच होतो. चुकला तर पैसे कंपनीचे, आणि गिऱ्हाईकासमोर त्याला बोलायचं नाही. एकदा खरंच चुकला, ढाळ उलटा निघाला. फोडून पुन्हा केला.

हे सगळीकडे चालतं असं मात्र नाही. सिन्नरच्या एका कारखान्यात आमच्यासारखे सात ठेकेदार होते; तिथे चार तारखांनी भागलं नसतं, तिथला मोठा तक्ता मी मुकाट्याने भरला. आणि एका गिऱ्हाईकाला हा साधेपणा आळस वाटला. "रिपोर्ट नाही तर काम कसलं?" म्हणाले. त्यांना दर शुक्रवारी आठ पानं पाठवायचो. पहिल्या पानावर त्याच चार तारखा, बाकी सात पानं त्यांच्या समाधानासाठी. पुढचं काम त्यांनी आम्हालाच दिलं, आणि रिपोर्ट दहा पानांचा मागितलाय.