‘शिस्त त्यांची, माया आपली’? थांबा जरा

एकच मजकूर मला तीन वेळा आला. आधी शाळेच्या ग्रुपवर, मग मावशीच्या सोसायटीच्या ग्रुपवरून आणि परवा खुद्द बाबांकडून. ‘ब्रिटनमध्ये एक वर्ष शिकलेल्या मराठी मुलाची निरीक्षणे’. मुलाचं नाव नाही, गाव नाही, विद्यापीठ नाही. सार असं: माणसं शिस्तीची, पण कोरडी; शेजारी शेजाऱ्याशी बोलत नाही. चार वाजले की सगळे चहा पितात. खाणं म्हणजे उकडलेला बटाटा. मूल अठराचं झालं की घराबाहेर. परंपरा राजवाड्यापुरती, बाकी जनता दारू आणि फुटबॉल. शेवटी ठळक अक्षरांत: ‘शिस्त त्यांची, माया आपली.’ खाली जोडलेल्या हातांची रांग.

बाबांनी विचारलं, “खरंय का गं हे?” मी उत्तर इंग्लंडात, यॉर्कशायरमधल्या शेफील्डला एक वर्ष शिकले, नंतर दोन वर्षं तिथंच नोकरी केली. त्यामुळे उत्तर देणं आलं.

चहापासून सुरू करते, कारण ते सोपं आहे. तीन मजली ताटली, काकडीचं सँडविच, नाजूक कप हा थाट १८४०च्या दशकातला. बेडफर्डच्या डचेस ॲना यांनी तो सुरू केला असं सांगतात. रात्रीचं जेवण उशिरा, मधे भूक लागायची, म्हणून. आज लोक तो वाढदिवसाला हॉटेलात पैसे मोजून करतात. आमच्या ऑफिसात चहाला ठरलेली वेळच नव्हती. जो जागेवरून उठेल त्याने बाकीच्यांना विचारायचं, हा अलिखित नियम. स्वतःपुरता चहा करून आणणाऱ्याकडे लोक ज्या नजरेने बघत, ती नजर मी आपल्याकडे फक्त पंगतीतून मधेच उठणाऱ्याच्या वाट्याला आलेली पाहिली आहे.

आणि यॉर्कशायरमध्ये बऱ्याच घरांत ‘टी’ म्हणजे चहा नव्हेच, संध्याकाळचं जेवण. पहिल्याच महिन्यात शेजारच्या बाईंनी साडेपाचला ‘टी’ला बोलावलं. चहा-बिस्किटं असतील म्हणून मी घरी वरणभात खाऊन गेले. समोर आला खिम्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर देऊन भाजलेला ‘पाय’ (pie) नावाचा भलामोठा पदार्थ, वाटाणे, वर पुडिंग. नाही म्हणायची सोय नव्हती. शेजारी शेजाऱ्याशी बोलत नाही म्हणे.

खाण्याच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, आणि त्याला कारण आहे. युद्धामुळे जानेवारी १९४०मध्ये रेशनिंग सुरू झालं, ते पूर्ण उठायला जुलै १९५४ उजाडला. चौदा वर्षं लोणी, साखर, मटण मापून. त्या काळात संसार मांडलेल्या बायकांनी जे रांधलं तेच पुढच्या पिढीच्या जिभेवर बसलं. पण म्हणून उकडलेल्या बटाट्यावर थांबायचं? वेकफील्ड-लीड्सच्या पट्ट्यात हिवाळ्यात रुबार्ब ही आंबट देठांची भाजी अंधाऱ्या शेडमध्ये वाढवतात आणि मेणबत्तीच्या उजेडात तोडतात. जास्त उजेड लागला की देठांचा कोवळेपणा जातो. पाच नोव्हेंबरला, म्हणजे १६०५मध्ये पार्लमेंट उडवायचा कट फसला त्याच्या आठवणीत, शेकोट्या पेटतात तेव्हा यॉर्कशायरमध्ये पार्किन नावाचा केक खातात. ओटचं भरड पीठ, आलं आणि ट्रीकल. ट्रीकल म्हणजे आपल्या काकवीची चुलत बहीण. (कटवाला गाय फॉक्स यॉर्कचाच. त्याचा पुतळाही जाळायचा आणि त्याच्याच मुलखाचा केकही खायचा, हे मला फार आवडतं.)

‘अठराव्या वर्षी घराबाहेर’ हा फॉरवर्डचा लाडका मुद्दा. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये आईबापांजवळ राहणारी सज्ञान मुलं जवळपास ४९ लाख निघाली. दहा वर्षांपूर्वी ती ४२ लाखांच्या आसपास होती. घरभाडी परवडत नाहीत, हे एक मोठं कारण. अठराव्या वर्षी बरीच मुलं शिकायला दुसऱ्या शहरात जातात हे खरं. सप्टेंबरमध्ये आमच्या हॉस्टेलसमोर गाड्यांची रांग लागायची. दुलई, तवा, कपडे वाळत घालायचा स्टँड, आई यादी वाचतेय. एक गृहस्थ सामान उतरवून झाल्यावरही गाडीपाशी उभे राहून चष्मा पुसत होते. चष्मा कधीच स्वच्छ झाला होता. आपला निरीक्षक तर आईबापांपासून सात हजार किलोमीटरवर शिकायला गेला. त्याला मात्र कुणी घराबाहेर काढलं म्हणत नाही.

कोरडेपणाचं बोलू. ‘ऑल राइट?’ असं कुणी विचारलं की मी सुरुवातीला थांबून तब्येत सांगायचे. तोवर माणूस कोपऱ्यावर पोचलेला. आपल्याकडे ‘काय, झालं का जेवण?’ विचारणाऱ्याला तरी कुठे मेनू ऐकायचा असतो? बसमधून उतरताना मागच्या सीटवरची पोरंसुद्धा ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात. आणि ड्रायव्हर, भाजीवाली, पोस्टातली बाई, सगळे मला ‘लव्ह’ म्हणायचे. थोडं दक्षिणेला डर्बी-नॉटिंगहॅमकडे गेलं की ‘डक’, उत्तरेला न्यूकासलमध्ये ‘पेट’. आपलं ‘बाळा’ आणि ‘ताई’ यांच्या मधलं काहीतरी. हे फॉरवर्डमध्ये नाही, कारण शिस्त रांगेत दिसते आणि हे ऐकावं लागतं.

परंपरेचा मुद्दा सर्वांत चुकलेला. शेफील्डच्या वायव्येला स्टॅनिंग्टन, डंगवर्थ अशी गावं आहेत. तिथल्या पबमध्ये नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळपर्यंत लोक जमून कॅरोल, म्हणजे नाताळची गाणी, गातात, पण आपण मॉलमध्ये ऐकतो ती नव्हे. एकोणिसाव्या शतकात चर्चमध्ये नव्या पद्धतीचं संगीत आलं आणि गावकऱ्यांच्या जुन्या, दणदणीत चाली बाहेर पडल्या. लोकांनी त्या उचलून पबमध्ये नेल्या. एकाच गाण्याला कित्येक चाली, या गावची वेगळी, पलीकडच्या गावची वेगळी. मी गेले त्या रविवारी आत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांच्या काचांवर वाफ. माझ्यापुढे एक आजोबा, हातात अर्धा ग्लास, कागद नाही, डोळे मिटलेले आणि खर्जातला असा आवाज की माझ्या पाठीमागचं दार थरथरतंय असं वाटलं. शेजारच्या मुलीने न विचारता तिच्या हातातली शब्दांची झेरॉक्स माझ्यापुढे धरली. बाबा, तुमच्या गावचं भजनी मंडळ आठवलं. टाळांऐवजी ग्लास, एवढाच फरक. ‘बाकी सगळं दारू’ म्हणणाऱ्याने पब बाहेरून पाहिलाय.

जवळच डर्बीशायरमध्ये गावच्या विहिरी आणि झरे सजवतात. ओल्या मातीच्या फळीवर पाकळी-पाकळी दाबून चित्र काढतात, पाण्याचे उपकार म्हणून. राजवाड्याचा संबंध शून्य. वेल्समध्ये रस्त्यावर ‘स्लो’सोबत त्याच अर्थाचं वेल्श ‘आराव्ह’ लिहिलेलं असतं, स्कॉटलंडमध्ये २५ जानेवारीला एका कवीच्या नावाने जेवणावळी होतात. एका शहरात वर्ष काढून ‘ब्रिटिश असे’ म्हणणं म्हणजे वाशीत राहून गडचिरोलीवर निबंध लिहिणं.

एकटेपणा तिथं आहे, हे मी नाकारत नाही. २०१८मध्ये सरकारने त्यासाठी मंत्री नेमला, उगीच नाही. डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पहिल्या हिवाळ्यात मीही आईला रडत फोन केले होते, ‘इथं माणूसच नाही’ म्हणून. पण तेव्हा माझा दिवस कसा जात होता? वर्ग, दुकानातली शिफ्ट, मग खोलीवर चार मराठी मुलींबरोबर खिचडी. माणूस दिसणार कुठून? फॉरवर्डवाल्या मुलाचंही हेच झालं असेल, म्हणून त्याच्यावर फार रागवता येत नाही.

हे सगळं बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बाबा कोल्हापूरचे, त्यामुळे पहिला प्रश्न आला, “त्या पार्किनमध्ये काकवी चालेल म्हणालीस. अर्धा किलो पिठाला किती घालायची?”