‘श्वास रोखा, दहा मोजा, जोर लावा’ या मेसेजमधल्या चुका

गरोदर बायकांना एक मेसेज सतत पुढे ढकलला जातोय: कळा सुरू झाल्या की लगेच जोर लावा, श्वास रोखून दहा मोजा, जमलं नाही तर वरून पोट दाबून घ्या, आणि एपिड्युरल (कळांची वेदना कमी करायला पाठीच्या मणक्याजवळ देतात ते औषध) घेतलंत तर सीझर ठरलेलंच.

पहिला सल्ला दमवणारा. पिशवीचं तोंड 10 सेंमी उघडणं हे कळांचं काम आहे, जोराचं नाही. पहिलटकरणीला त्यात बारा तासही सहज जातात. तेव्हाच ताकद संपवली तर खरी गरज लागते तेव्हा अंगात त्राण उरत नाही. तोंड पूर्ण उघडलं तरी डोकं अजून वरच असेल तर थांबावं. शौचाला लागल्यासारखी ओढ आली की जोर आपोआप लागतो.

आता ‘दहा मोजा’. श्वास कोंडून जोर दिला की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, रक्तदाब उतरतो आणि वारेचा पुरवठा घटतो. हे लांबलं की बाळाचे ठोके मंदावू शकतात. मोकळं सोडलं तर बाई एका कळेत तीन-चार वेळा, पाच-सहा सेकंदच जोर देते आणि मध्ये श्वास घेते. कण्हली तर कण्हू द्यावं. आवाजाने जोर वाया जात नाही. श्वास रोखला म्हणून बाळ दगावतं असंही नाही, पण त्याने बाळंतपण लवकर उरकतं असं अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा 2018 चा सल्ला स्वतःच्या ओढीप्रमाणे जोर देण्याचाच आहे.

पोट दाबण्याला त्याच सल्ल्यात स्पष्ट नकार आहे. बाळंतिणीला इजा होऊ शकते.

एपिड्युरलने बाळंतपणाचा दुसरा टप्पा, म्हणजे तोंड पूर्ण उघडल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंतचा, लांबतो; सीझरचं प्रमाण वाढत नाही. ओढ जाणवत नसेल तर मात्र कळ कधी आली हे सिस्टरने सांगावं लागतं. इथे सूचना उपयोगी.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट सर्वांत कामाची: डोकं दिसू लागून कळ संपल्यावरही ते आत सरकत नाही, तेव्हा जोर थांबवायचा. तोंड उघडं ठेवून छोटे, धापेसारखे श्वास. खाली कोमट पाण्यात पिळलेलं फडकं, डोक्यावर सिस्टरचा आधाराचा हात. कातडी हळूहळू ताणली जाते आणि मोठी चीर पडण्याचा धोका कमी होतो.