चार अंतिम सामने हरलेला प्रशिक्षक : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक मार्व्ह लेव्ही यांच्यावरील माझा लेख आपण शेवटपर्यंत वाचलात आणि त्यावर इतक्या तपशिलाने लिहिलेत, याबद्दल आभार. आपल्या प्रतिक्रियेत तीन आक्षेप आहेत. बफेलो बिल्स हा संघ त्यांच्या हाताखाली सलग चार वेळा सुपर बोल (अमेरिकेतील व्यावसायिक लीग एनएफएलचा अंतिम सामना) हरला, तेव्हा अशा मुख्य प्रशिक्षकाला थोर म्हणणे ही भावुकता आहे आणि क्रिकेटमध्ये आपण अशा संघाला सरळ ‘चोकर’ म्हणतो, हा पहिला. तो संघ व्यवस्थापक बिल पोलियन यांनी बांधला होता, लेव्ही म्हणजे आयत्या बिळावर नागोबा, हा दुसरा. आणि ‘लेव्ही यांनी कधीच कोणती स्पर्धा जिंकली नाही’ हे माझे वाक्य तथ्याला धरून नाही, हा तिसरा.

तिसरा आक्षेप आधी घेतो, कारण तो मला पूर्ण मान्य आहे. एनएफएलमध्ये प्रमुखपद मिळण्यापूर्वी लेव्ही १९७३ ते १९७७ या काळात कॅनडातील माँट्रियल अलूएट्स या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते आणि १९७४ व १९७७ असे दोनदा त्यांनी तेथील लीगचा अंतिम सामना, म्हणजे ग्रे कप, जिंकला. यांपैकी दुसऱ्या सामन्यात मैदानावर बर्फ साचले होते, तेव्हा त्यांच्या खेळाडूंनी बुटांच्या तळांत स्टेपलच्या पिना ठोकल्या आणि एडमंटनचा ४१-६ असा फडशा पाडला. माझे वाक्य फक्त एनएफएलपुरते खरे होते आणि ते तसेच लिहायला हवे होते. मात्र आपल्या या दुरुस्तीमुळे आपलाच पहिला आक्षेप काहीसा लंगडा पडतो, हेही नम्रपणे नोंदवतो. ज्या माणसाला अंतिम सामन्याचे दडपण पेलत नाही असे आपण म्हणता, त्याने दोन अंतिम सामने जिंकलेले आहेत.

आता पराभवांविषयी. चार पराभव एकाच मापाने मोजणे मला पटत नाही. २७ जानेवारी १९९१ रोजी टँपा येथे न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध बिल्स २०-१९ असे, म्हणजे एका गुणाने हरले. शेवटची आठ सेकंदे उरली असताना स्कॉट नॉरवूड यांनी ४७ यार्डांवरून मारलेली किक खांबांच्या उजवीकडून बाहेर गेली; ती खांबांमधून गेली असती तर तीन गुण मिळून बिल्स जिंकले असते. लेव्ही यांच्या बाबतीत हे फार बोचणारे आहे, कारण किकिंगचे डाव हेच त्यांचे मूळ क्षेत्र. १९६९ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने त्यांना केवळ या कामासाठी नेमले, तेव्हा त्या विभागाला स्वतंत्र प्रशिक्षक असणे ही एनएफएलमध्ये जवळजवळ न ऐकलेली गोष्ट होती. बफेलोमध्येही स्टीव्ह टास्कर यांच्यासारखा खेळाडू प्रामुख्याने याच विभागातून नावारूपाला आला. त्याहून विचित्र योगायोग असा की, १९७५ चा ग्रे कपही लेव्ही यांच्या संघाने ९-८ असा एका गुणाने आणि शेवटच्या मिनिटात हुकलेल्या किकमुळेच गमावला होता.

तरीही त्या टँपाच्या सामन्यात खरी चूक किकची होती असे मी म्हणणार नाही, आणि येथे आपण माझ्यापेक्षा कठोर व्हायला हवे होते. जायंट्सने त्या दिवशी ४० मिनिटांहून अधिक काळ चेंडू स्वतःकडे ठेवला. त्यांचे बचाव-प्रशिक्षक होते बिल बेलिचिक, ज्यांचे नाव पुढे न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघामुळे सर्वतोमुखी झाले. बेलिचिक यांनी पासचे मार्ग बंद करण्यासाठी बरेच खेळाडू मागे ठेवले आणि धावण्याची वाट जाणूनबुजून मोकळी सोडली. बिल्सचे चेंडू घेऊन धावणारे खेळाडू थर्मन थॉमस यांनी केवळ १५ वेळा चेंडू घेऊन १३५ यार्ड काढले, ते या मोकळ्या वाटेमुळे. अशा वेळी त्यांच्याकडे चेंडू आणखी दहा वेळा का गेला नाही? कारण बिल्सच्या विनाहडल (डावाआधी घोळक्यात सल्लामसलत न करता भराभर खेळण्याच्या) आक्रमणात डाव ठरवण्याचा अधिकार क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचे सूत्रधार, जिम केली यांना होता आणि लेव्ही यांनी तो त्या दिवशीही काढून घेतला नाही. ही टीका मला रास्त वाटते. पण ती एका ठरावीक निर्णयावरची टीका आहे आणि तिच्यातून ‘चोकर’ हा शिक्का सिद्ध होत नाही.

पुढच्या वर्षी वॉशिंग्टनने त्यांना ३७-२४ असे हरवले. तिसरा पराभव डॅलसकडून ५२-१७ असा झाला आणि त्याचे समर्थन करायला माझ्याकडे एकही शब्द नाही, कारण नऊ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती देणारा संघ त्या दिवशी खेळायला तयारच नव्हता. चौथ्या वर्षी पुन्हा डॅलस समोर आले. मध्यंतराला बिल्स १३-६ असे पुढे होते, उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच थॉमस यांच्या हातून चेंडू निसटला, डॅलसने तो उचलून शेवटच्या रेषेपार नेत टचडाउन केला आणि सामना ३०-१३ असा संपला.

माझ्या लेखाचा रोख मात्र या चार अंतिम सामन्यांमधल्या काळावर होता. असा एक पराभव पचवायलाच बऱ्याच संघांना वर्षे लागतात. बिल्स दर वेळी पुढच्या जानेवारीत पुन्हा तेथे हजर होते. सलग चार वेळा अंतिम फेरी गाठणे त्यांच्याआधी किंवा नंतर कोणत्याही संघाला जमलेले नाही. जानेवारी १९९३ मध्ये ह्यूस्टनविरुद्ध ३५-३ असे मागे असताना, केली जखमी होऊन बाहेर बसलेले असताना, राखीव क्वार्टरबॅक फ्रँक राइख यांच्यासह त्यांनी तो सामना जादा वेळेत ४१-३८ असा जिंकला. ‘दडपणाखाली कोसळणारा संघ’ या वर्णनात हा सामना कोठे बसवायचा, ते आपणच सांगावे.

पोलियन यांच्याविषयी आपण जे लिहिले आहे त्याचा निम्मा भाग खरा आहे. १९८४ आणि १९८५ या दोन्ही हंगामांत १६ पैकी केवळ दोन-दोन सामने जिंकलेल्या संघाची उभारणी पोलियन यांनी केली, हे निर्विवाद. पण लेव्ही त्यांच्या दृष्टीने कोणी आगंतुक नव्हते. माँट्रियल आणि कॅन्सस सिटी येथे पोलियन यांनी लेव्ही यांच्यासाठी खेळाडू हेरण्याचे काम केले होते आणि १९८६ च्या हंगामाच्या मध्यावर बिल्सच्या प्रशिक्षकाला काढल्यावर लेव्ही यांना बोलावले गेले ते या ओळखीतूनच. शिवाय ५२-१७ च्या पराभवानंतर पोलियन यांनाच पदावरून दूर करण्यात आले आणि तरीही संघ पुढच्या हंगामात अंतिम फेरीत पोहोचला. नागोबाला बीळ इतके दिवस टिकवता येत नाही.

आणखी एक मुद्दा मूळ लेखात जेमतेम आला, तो येथे मांडतो. १९७८ मध्ये लेव्ही कॅन्सस सिटी चीफ्सचे प्रशिक्षक झाले तेव्हा तो संघ आदल्या वर्षी १४ पैकी दोनच सामने जिंकला होता आणि बचाव फारच दुबळा होता. म्हणून त्यांनी जुनाट ठरलेली विंग-टी रचना आणली. सतत धावा, घड्याळ चालू ठेवा आणि आपला बचाव शक्य तितका वेळ मैदानाबाहेर बसवा, हा त्यामागचा हिशेब. विजय चारवरून सात, आठ आणि नऊ असे वाढले. नंतर खेळाडूंच्या संपाने अर्धवट झालेल्या १९८२ च्या हंगामानंतर त्यांना काढण्यात आले. हाच माणूस बफेलोमध्ये काही वर्षांनी त्या काळातले सर्वांत वेगवान आक्रमण चालवत होता. इतिहासात हार्वर्डची पदव्युत्तर पदवी असलेला, साठी उलटलेला प्रशिक्षक स्वतःची जुनी पद्धत सोडून केली यांच्या स्वभावाला साजेशी पद्धत स्वीकारतो, हे मला त्या चार निकालांपेक्षा जास्त सांगून जाते. टँपाच्या दिवशी हाच मोकळेपणा त्यांच्या अंगाशी आला, हेही खरे.

२००१ मध्ये त्यांचा हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातील थोरांच्या सन्मानयादीत, समावेश झाला. मिनेसोटाचे बड ग्रँट हेही चार सुपर बोल हरलेले आणि कॅनडात ग्रे कप जिंकलेले प्रशिक्षक. त्यांचा समावेश १९९४ मध्येच झाला होता. म्हणजे ‘थोर’ हा शब्द वापरणारा मी एकटा नाही. ग्रे कपविषयीचे वाक्य लेखात दुरुस्त केले आहे. टँपाच्या सामन्यातील डाव ठरवण्याच्या अधिकाराविषयीचा परिच्छेदही जोडतो, कारण तो मूळ लेखात असायलाच हवा होता.