मेंटॉरच्या रूपात कोण होतं?

दर वर्षी गुरुपौर्णिमेला आणि शिक्षक दिनाला एक मजकूर फिरतो. यंदा तो मला तीन ग्रुपांवर आला, त्यातला एक माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांचा. मजकूर थोडक्यात असा: ‘ट्रॉयच्या युद्धाला निघताना राजा ओडिसियसने आपला तान्हा मुलगा टेलेमॅकस हा मेंटॉर नावाच्या ज्ञानी मित्राकडे शिक्षणासाठी सोपवला. मेंटॉरने वीस वर्षं त्याला शिकवलं, घडवलं. तेव्हापासून, म्हणजे जवळपास तीन हजार वर्षं, अशा गुरूला जग मेंटॉर म्हणतं. आणि हा शब्दही ग्रीकांनी आपल्या संस्कृत मंत्रावरूनच घेतला.’

मी इंग्रजी शिकवतो. यातला पहिला भाग मीही काही वर्षं वर्गात सांगितला होता. मग ही माणसं ज्यात येतात ते प्राचीन ग्रीक कवी होमरचं ‘ओडिसी’ हे महाकाव्य पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाचलं आणि सांगणं बंद केलं. ज्या मुलांना मी तो सांगितला, तीच आता तो पुढे पाठवताहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

शेवटचा दावा आधी घेतो, कारण त्यात थोडं खरं आहे. मंत्र आणि मेंटॉर यांचं नातं आहे, पण ते चुलत भावंडांचं. संस्कृतात मन् म्हणजे विचार करणे, त्यातून मन, मती, मंत्र, मंत्री. संस्कृत आणि ग्रीक या दोन्ही ज्या एका जुन्या भाषेतून फुटल्या, तिच्यात याच अर्थाचा एक धातू होता, आणि मेंटॉर हे नाव अभ्यासक त्या धातूशी जोडतात. शेवटचा ‘टॉर’ म्हणजे आपल्या दाता, नेता, वक्ता यांतला ‘ता’. याच घडणीचा ‘मन्ता’, म्हणजे विचार करणारा, बृहदारण्यक उपनिषदात येतो. लॅटिनमध्ये याच कुळातून ‘मॉनिटर’ झाला: आठवण करून देणारा, बजावणारा. शाळेत बाई वर्गाबाहेर गेल्या की फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिणारा मॉनिटर तो हाच. पण कूळ एक असलं म्हणून एकाने दुसऱ्याचं उचललं असं होत नाही. शिवाय ग्रीकांकडे मेंटॉर ही पदवी नव्हतीच, ते माणसाचं नाव होतं. इ.स.पू. चौथ्या शतकात ऱ्होड्सचा एक मेंटॉर पर्शियाच्या बादशहाच्या चाकरीत सेनापती होता. त्याचा शिकवण्याशी काही संबंध नाही.

आता ‘मुलगा शिक्षणासाठी सोपवला’. ओडिसीच्या दुसऱ्या सर्गात मेंटॉर पहिल्यांदा दिसतो, तेव्हा होमर त्याची ओळख करून देतो: हा ओडिसियसचा सोबती, गलबतं घेऊन निघताना ओडिसियसने सगळं घर याच्या भरवशावर सोडलं होतं, सगळं नीट सांभाळ म्हणून. घर. मुलाच्या शिक्षणाचा तिथे उल्लेखही नाही. लहानपणी टेलेमॅकसला अंगाखांद्यावर वाढवलं ते युरिक्लिया या दाईने, आणि होमर तिला पुन्हा पुन्हा मायेने समोर आणतो. फिरणाऱ्या मजकुरात मात्र ती कुठेच नसते.

आणि त्या घराची अवस्था काय होती? ओडिसियस युद्धाहून परतलाच नव्हता, आणि त्याच्या बायकोशी, पेनेलोपीशी, लग्न करायला टपलेले १०८ जण तीन वर्षांहून जास्त काळ तिथे ठाण मांडून होते, रोज गुरं कापून, दारू पिऊन. टेलेमॅकस वीस वर्षांचा होऊनही त्यांना घराबाहेर काढू शकत नव्हता. म्हणून तो गावसभा बोलावतो. तिथे मेंटॉर उभा राहतो आणि बोलतो ते मनापासून बोलतो. तो म्हणतो, बापाच्या मायेने राज्य करणाऱ्या राजाची आज कुणाला आठवण नाही. या मस्तवालांपेक्षा मला तुमचा राग येतो. तुम्ही इतके जण, ते थोडे, आणि तुम्ही गप्प बसता. हे ऐकून सभा पेटून उठली असेल असं वाटतं. उठत नाही. त्या टपलेल्यांपैकी लेओक्रिटस नावाचा एकजण मेंटॉरला डोकं फिरलेला ठरवतो, लोकांना घरी जायला सांगतो, आणि लोक मुकाट्याने पांगतात. टपलेले पुन्हा ओडिसियसच्याच घरी जेवायला जातात.

मेंटॉर वाईट माणूस नव्हता. तो प्रामाणिक होता, म्हातारा होता आणि त्याचं कोणी ऐकत नव्हतं. पण ‘वीस वर्षं शिकवलं, घडवलं’ याला होमरच्या काव्यात आधार नाही.

मग टेलेमॅकसला बळ कोणी दिलं? सभा मोडल्यावर तो एकटाच समुद्रकाठी जातो, करड्या पाण्यात हात धुतो आणि अथीना देवीला हाक मारतो. ती येते, मेंटॉरचं रूप आणि मेंटॉरचा आवाज घेऊन. ती त्याला धीर देते, गलबत मिळवून देते, खलाशी जमवते आणि बापाची खबर काढायला स्वतः त्याच्यासोबत समुद्रापलीकडच्या पायलॉसला जाते. त्याआधी पहिल्या सर्गात सभा बोलाव, बापाचा शोध घे असा सल्ला दिला तोही तिनेच. तेव्हा तिचं रूप वेगळं होतं, मेंटीस नावाच्या परक्या सरदाराचं. पायलॉसला उतरल्यावर टेलेमॅकस अडखळतो. म्हणतो, इथल्या राजाशी, एवढ्या मोठ्या माणसाशी मी कसं बोलू, मला धड बोलता येत नाही. ती सांगते की काही शब्द तुझे तुलाच सुचतील आणि काही कुणी देव सुचवील. वीस वर्षांचं, बापाविना वाढलेलं पोरगं पहिल्यांदा परक्या मुलखात बोलायला निघतं, तेव्हा त्याला यापेक्षा बरं काय सांगायचं, मला आजही सुचत नाही. पुढे शेवटच्या लढाईत मेंटॉरच्या रूपात येते ती तीच, आणि भांडण मिटवून तह करवतानाही तीच. चोवीस सर्गांच्या या काव्याची शेवटची ओळच मुळी सांगते की अंगकाठीने आणि आवाजाने ती मेंटॉरसारखी होती.

मला या मजकुराचं सगळ्यात जास्त दुखतं ते इथे. होमर प्रत्येक वेळी स्पष्ट सांगतो की ही अथीना आहे. आपण तिला पुसून टाकतो आणि जिने वाट दाखवली तिचं श्रेय तिने पांघरलेल्या म्हाताऱ्याला देतो. वर युरिक्लियालाही वगळतो.

राहिला तीन हजार वर्षांचा दावा. शब्द थेट होमरकडून आला असता तर होमर इंग्रजीत आला तेव्हाच यायला हवा होता. चॅपमनने ओडिसीचं इंग्रजी भाषांतर १६१५ मध्ये पूर्ण केलं. सल्लागार या अर्थाने, सामान्यनाम म्हणून ‘मेंटॉर’ इंग्रजीत नोंदला जातो तो १७५० च्या सुमारास. सव्वाशेहून जास्त वर्षांच्या या खिंडारात एक फ्रेंच शिक्षक उभा आहे.

त्याचं नाव फ्रांस्वा फेनेलाँ. १६८९ मध्ये त्याला चौदाव्या लुईच्या सात वर्षांच्या नातवाचा, बर्गंडीच्या ड्यूकचा, शिक्षक नेमलं. या मुलासाठी त्याने एक कथा रचली: बापाच्या शोधात निघालेला टेलेमॅकस आणि देशोदेशी त्याच्यासोबत फिरणारा मेंटॉर. इथेही मेंटॉरच्या आत देवीच आहे, रोमन नावाने मिनर्व्हा. पण होमरकडे ती कामापुरती येते आणि जाते. फेनेलाँकडे ती पानोपानी मेंटॉर म्हणून सोबत असते. चालता चालता शिकवते, चुकलं तर रागावते, राजाने प्रजेसाठी जगावं, चैन आणि हौसेची युद्धं टाळावीत हे परत परत बजावते. कॅलिप्सो या अप्सरेच्या बेटावर टेलेमॅकस प्रेमात पडून अडकतो, पाय निघत नाही. तेव्हा मेंटॉर त्याला कड्यावरून समुद्रात ढकलतो आणि पाठोपाठ स्वतःही उडी घेतो. मग दोघे पोहत समोरच्या गलबताकडे जातात. आज मेंटॉर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येतो तो हा माणूस.

पुस्तक १६९९ मध्ये लेखकाच्या संमतीशिवाय छापलं गेलं. युद्धखोर, उधळ्या राजांवरच्या टीकेत चौदाव्या लुईला स्वतःचं चित्र दिसलं. धर्ममताच्या एका वादावरून फेनेलाँला आधीच कांब्रेला, त्याच्या धर्मप्रांतात पाठवलेलं होतं. त्याच वर्षी त्याचं शिक्षकपदही गेलं आणि दरबारात तो पुन्हा आला नाही. ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं, तो विद्यार्थी १७१२ मध्ये गोवराने गेला, राजा न होताच. पुस्तक मात्र थांबलं नाही. इंग्रजी भाषांतर १६९९ मध्येच निघालं आणि पुढचं शतकभर युरोपातली मुलं ते वाचत वाढली. म्हणूनच १७५० मध्ये लॉर्ड चेस्टरफील्ड हा इंग्रज उमराव परदेशी फिरणाऱ्या आपल्या मुलाला पत्रात ‘तुझा मेंटॉर’ असं लिहितो, तेव्हा त्याला काही समजावून सांगावं लागत नाही.

आपण आज ऑफिसात, कॉलेजात ‘मेंटॉरशिप’ म्हणतो, वरिष्ठाने धाकट्याला हाताशी धरायचं, तो अर्थ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पक्का झाला. ‘मेंटी’ हा शब्द तर १९६० च्या दशकातला, मेंटॉरला जोड म्हणून इंग्रजीने घडवलेला. होमरला तो दाखवला असता तर कळला नसता.

हे सगळं मी विद्यार्थ्यांच्या त्या ग्रुपवर थोडक्यात लिहिलं. एकीने विचारलं, “सर, अथीना टेलेमॅकसबरोबर गलबतावर होती, तर खरा मेंटॉर कुठे होता?”

हा प्रश्न होमरच्या एका पात्रालाही पडलेला आहे. चौथ्या सर्गात नोएमॉन नावाचा, ओडिसियसच्या इथाका बेटावरचाच माणूस येतो. टेलेमॅकसने नेलेलं गलबत त्याचं, ते परत कधी मिळेल ही त्याला काळजी, कारण पलीकडच्या किनाऱ्यावर त्याच्या बारा घोड्या आहेत. बोलता बोलता तो म्हणतो, गलबतावर चढताना मी मेंटॉरला पाहिलं, किंवा अगदी त्याच्यासारखा दिसणारा कुणी देव असेल. कारण काल पहाटे मला मेंटॉर इथेच दिसला.